रसायनशाळा सुरक्षा प्रकल्प : जून ते मार्चच्या नोंदी

१२ जून

विभागप्रमुख सरांनी आज सुरक्षा समन्वयक म्हणून माझ्या नावाचे पत्र काढले. काम दोन ओळींत लिहिले आहे : संशोधन प्रयोगशाळांतील रसायनांची सूची अद्ययावत करणे आणि नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी सुरक्षा प्रशिक्षण घेणे. आजवर हे प्रशिक्षण म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यात सभागृहात होणारे दीड तासाचे व्याख्यान आणि हजेरीपटावरची सही एवढेच होते. मी ते विद्यार्थिनी असताना एकदा आणि नोकरीला लागल्यापासून सात वेळा ऐकले आहे, आणि तरीही आमच्या मजल्यावरच्या आयवॉशची, म्हणजे डोळे धुण्याच्या नळाची, कळ दाबायची की ओढायची, हे आज सकाळी मला जाऊन पाहावे लागले. म्हणून आधी सूची आणि मग प्रशिक्षण, असा क्रम ठरवला आहे. कपाटात काय आहे हेच ठाऊक नसेल, तर कशापासून जपायचे ते शिकवता येणार नाही.

१८ जून

तीन संशोधन प्रयोगशाळा आणि भांडार मिळून आतापर्यंत ६१२ बाटल्या मोजून झाल्या. त्यांपैकी ५३ बाटल्यांत काय आहे ते कळायला मार्ग नाही. कोकणातल्या हवेत लेबल टिकवणे कठीणच असते. पावसाळ्यात कागद सुटतो, खळीमुळे कसर लागते, आणि आम्लांच्या कपाटात तर शाईच उडून जाते. पण त्याहून अवघड बाटल्या त्या, ज्यांवरचे लेबल शाबूत असूनही काही सांगत नाही. 'द्रावण क', 'आर-२ शुद्ध', 'हात लावू नये' असे ज्यांनी लिहून ठेवले, ते विद्यार्थी पीएच.डी. घेऊन केव्हाच गेले.

भांडाराचे मामा इथे २६ वर्षे आहेत. एक बाटली हातात घेऊन ते म्हणाले, "मॅडम, बूच काढून वास घेतला की लगेच सांगतो." मी त्यांना थांबवले. त्यांना ही सवय त्यांच्या आधीच्या माणसाने लावली होती आणि ती कामाची कसोटी म्हणून लावली होती, त्यामुळे नुसते 'असे करू नका' म्हणणे मला बरे वाटले नाही. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येणेच बंद होते, हे त्यांना नीट समजावून सांगितले. मग उलट त्यांनाच विचारले की ही बाटली कोणाच्या कपाटातली, कोणत्या साली आली, तेव्हा तिथे काय काम चालायचे. त्यांच्या आठवणीतून आणि जुन्या खरेदीवह्यांतून संध्याकाळपर्यंत ५३ पैकी १९ बाटल्यांचा पत्ता लागला. बूच एकाही बाटलीचे उघडावे लागले नाही.

नवे लेबल शिसपेन्सिलीने लिहून त्यावर पारदर्शक पट्टी लावायची असे ठरले, कारण सांडलेल्या द्रावकाने पेनाची शाई वाहून जाते, पेन्सिलीचे अक्षर राहते. लेबलवर नाव, तीव्रता, आल्याची तारीख, उघडल्याची तारीख आणि बाटलीला जबाबदार असलेल्या व्यक्तीचे नाव असेल.

२५ जून

भांडारातली मांडणी वर्णानुक्रमाने आहे. शोधायला सोपे जावे म्हणूनच ती तशी लावली असणार. पण तिच्यामुळे हायड्राझिन हायड्रेट आणि ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एकमेकांना चिकटून उभे होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने याच दोन रसायनांवर रॉकेट विमान उडवले होते, कारण ती एकत्र येताच ठिणगीवाचून पेट घेतात. तिथले पेरॉक्साइड सुमारे ८० टक्के तीव्रतेचे होते, तरी आमच्या फळीवरची जोडीही एकत्र सांडली असती तर निभावले नसते. ७० टक्के परक्लोरिक आम्लाची बाटली लाकडी फळीवर होती. हे आम्ल लाकडात मुरले की लाकूडच स्फोटक होऊन बसते, म्हणून ती बाटली काचेच्या तसराळ्यात घालून वेगळी केली.

नव्या मांडणीत ज्वलनशील द्रावके, आम्ले, अल्क, ऑक्सिडीकारके (दुसऱ्या पदार्थाला जळायला मदत करणारी), पाण्याशी अभिक्रिया करणारी रसायने आणि तीव्र विषे असे सहा गट केले आहेत. सोडियम सायनाइड आम्लांपासून लांब, कोरड्या कपाटात कुलपाखाली ठेवले आणि किल्लीची नोंदवही सुरू केली.

२ जुलै

आजचा दिवस पिक्रिक आम्लात गेला. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीतले जुने कपाट वर्षानुवर्षे कोणी उघडले नव्हते. मामांनी दार उघडले, मी विजेरीचा झोत टाकला, आणि सर्वांत खालच्या कप्प्यात मागे एक तपकिरी बाटली दिसली. लेबलची खालची बाजू गळून गेली होती, वर 'पिक्रिक' एवढेच उरले होते. झोत खाली नेला तेव्हा झाकणाच्या आट्यांखाली, काचेच्या मानेभोवती पिवळ्या भुकटीचे बारीक कडे दिसले, हळदीच्या डब्याच्या कडेला जमते तसे.

पिक्रिक आम्ल म्हणजे ट्रायनायट्रोफिनॉल. ते भरपूर पाण्यात भिजलेले असेतोवर हाताळता येते आणि म्हणूनच ते ओलेच विकले जाते. वर्षांनुवर्षे पाणी उडून गेले की मागे राहणारे कोरडे स्फटिक धक्क्याने किंवा घर्षणाने उडू शकतात, आणि धातूशी संपर्क आला असेल तर तयार होणारी पिक्रेटे त्याहून नाजूक असतात. आट्यांमध्ये भुकटी अडकलेली असताना झाकण पिळणे हेच ते घर्षण. त्यामुळे बाटलीला हात लावला नाही आणि कपाटाचे दारही पुन्हा लोटले नाही. आम्ही दोघे मागे सरलो, खोली बंद केली, तो मजला आणि त्याच्या वरखालचे वर्ग रिकामे केले आणि प्राचार्यांकरवी पोलिसांना कळवले. दुपारी तीनच्या सुमारास बॉम्बशोधक व नाशक पथक आले. त्यांनी बाटली आपल्या पद्धतीने ओली करून वाळूच्या पेटीतून नेली.

मामा नंतर बराच वेळ गप्प होते. ते कपाट रंगकामाच्या वेळी दोनदा सरकवले गेले होते, आणि दोन्ही वेळा एक बाजू त्यांनीच धरली होती.

१० जुलै

ईथर वर्गातील द्रावकांची तपासणी केली. डायएथिल ईथर, टेट्राहायड्रोफ्युरान, डायऑक्सेन आणि डायआयसोप्रोपिल ईथर ही सगळी हवेतल्या ऑक्सिजनशी सावकाश संयोग पावून पेरॉक्साइडे तयार करतात आणि ऊर्ध्वपातनात द्रावक उडून गेले की ती चंबूच्या तळाशी एकवटतात. डायआयसोप्रोपिल ईथर यात सर्वांत वाईट. उघडल्यावर तीन महिन्यांपलीकडे ते ठेवू नये. आमच्याकडे ते निघाले नाही, याचे मला मनापासून समाधान वाटले.

टेट्राहायड्रोफ्युरानच्या (टीएचएफ) चार बाटल्या निघाल्या. त्यांपैकी तीन कारखान्यातून आलेल्या, स्थिरकारक (पेरॉक्साइड होऊ न देणारे द्रव्य) घातलेल्या होत्या. चौथी एका विद्यार्थ्याने सोडियम आणि बेन्झोफिनॉनवर ऊर्ध्वपातन करून साठवलेली होती. त्याला वाटत होते की आपली बाटली सर्वांत शुद्ध, म्हणून सर्वांत सुरक्षित. वस्तुस्थिती उलटी आहे, कारण ऊर्ध्वपातनात स्थिरकारक चंबूतच मागे राहते आणि वर येणारे शुद्ध द्रावक उघडे पडते. आधी बाटलीत आणि झाकणाभोवती स्फटिक नाहीत याची खात्री केली. मग एक मिलिलिटर नमुना आणि तेवढेच ग्लेशियल ॲसेटिक आम्ल परीक्षानळीत घेऊन पोटॅशियम आयोडाइडची चिमूट टाकली; पेरॉक्साइड असेल तर रंग येतो. पहिल्या तीन नळ्या जवळजवळ रंगहीन राहिल्या आणि चौथी बघता बघता पिवळी होऊन काळ्या चहासारखी झाली. तो विद्यार्थी नळी उजेडासमोर धरून उभाच राहिला. ती बाटली टाकाऊ म्हणून वेगळी काढली. यापुढे टीएचएफची उघडलेली प्रत्येक बाटली दर तीन महिन्यांनी तपासायची आणि निकाल बाटलीवरच लिहायचा.

१७ जुलै

विषारी वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या सहा धूरकपाटांचा वायुवेग मोजला. काच ४५ सेंटिमीटर उघडी ठेवून तोंडाशी सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेग मिळायला हवा. पाच ठिकाणी तो ०.४ ते ०.६ च्या दरम्यान आहे. सहाव्यात ०.१५ भरला, आणि तेथील पंख्याचा आवाज मात्र सर्वांत मोठा होता, त्यामुळे तिथे काम करणाऱ्या मुलांना तेच कपाट जोरदार वाटत असे. गच्चीवर जाऊन पाहिले, तर निकासनळीच्या तोंडात कबुतरांचे घरटे होते. काढल्यावर वेग ०.४८ आला. आता प्रत्येक कपाटाच्या काचेच्या खालच्या कडेला पातळ कागदाची पट्टी चिकटवली आहे. ती आत झुकलेली दिसली नाही तर काम सुरू करायचे नाही. वीज गेल्यावरही हीच पट्टी सांगेल. पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून दोन-तीनदा जाते, आणि धूरकपाटाच्या आतला दिवा इन्व्हर्टरवर असल्याने तो चालूच राहतो.

२३ जुलै

आयवॉशमधून पहिली तीन मिनिटे गंजाचे तांबडे पाणी आले. दर सोमवारी सकाळी ते सोडायचे काम मामांनी आपणहून मागून घेतले.

६ ऑगस्ट

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. सभागृह घेतलेच नाही. ११ विद्यार्थी, तीन परिचर आणि सफाईच्या दोन ताई अशा १६ जणांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला त्याच्याच कामाच्या टेबलाशी उभे करून शिकवले. परिचर आणि ताईंना का बोलावले, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. टेबल पुसणारा हात ताईंचा असतो आणि रात्री राहिलेल्या बाटल्या सकाळी उचलणारा हात मामांचा. रसायनाच्या बाबतीत आमच्यापेक्षा त्यांनाच कमी माहिती आणि जास्त संपर्क असतो.

सुरुवात डोळे मिटून केली. डोळ्यांत आम्ल उडाले आहे असे समजून प्रत्येकाने आपल्या जागेवरून आयवॉशपर्यंत जायचे, आणि दहा सेकंदांत पोहोचायचे. १६ पैकी सहा जण पोहोचले. बाकीच्यांना वाटेतल्या स्टुलांनी आणि एका नायट्रोजनच्या नळकांड्याने अडवले. सगळी स्टुले भिंतीकडे गेली, नळकांडे साखळीनिशी हलवले, आणि दुसऱ्या खेपेस १४ जण वेळेत पोहोचले. पंधरा मिनिटे डोळे धुणे म्हणजे किती वेळ, हे कळावे म्हणून एका विद्यार्थिनीने घड्याळ लावून पाण्याखाली हात धरला. सहाव्या मिनिटाला तिला पंधरा मिनिटे झाल्यासारखे वाटले.

मग हातमोजे. निळ्या नायट्राइल हातमोज्याचे एक बोट कापून ॲसिटोनमध्ये ठेवले आणि दुसऱ्या बोटाशी ताडून पाहिले. काही मिनिटांतच ते फुगून लांब, मऊ आणि सुरकुतलेले झाले, आणि चिमटीत धरून ओढले तसे फाटले. त्यावेळी अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांची हकीकत सांगितली. ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांच्या लॅटेक्स हातमोज्यावर डायमिथिल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब पडले. त्या विषारी धातूंच्या अभ्यासक होत्या, धूरकपाटात काम करत होत्या, हातमोजेही घातलेले होते. नंतरच्या चाचण्यांत दिसले की हे संयुग तसल्या हातमोज्यातून १५ सेकंदांत पार होते. लक्षणे दिसायला काही महिने गेले आणि जून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. ही गोष्ट मी भीती घालण्यासाठी सांगितली नाही. हातमोजा घातला की नाही, एवढा प्रश्न पुरत नाही. कोणत्या रसायनासाठी कोणता हातमोजा, हा प्रश्न विचारायची सवय लागली पाहिजे.

कपड्यांचा विषय मुलींशी वेगळा बोलावा लागला. बऱ्याच जणी ओढणी कोटावरून घेतात, आणि ती बहुधा कृत्रिम धाग्याची असते. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टर्ट-ब्यूटाइल लिथियम भरलेल्या सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि ते हवेत येताच पेटले. २३ वर्षांच्या संशोधन सहायिकेच्या अंगावर कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. आता दाराशी खुंट्या लावल्या आहेत. ओढणी तिथे ठेवायची आणि सुती कोट घालून आत यायचे.

८ ऑगस्ट

प्रत्येक रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकाचे १६ विभाग असतात आणि ते इंग्रजीत येते. सगळे भाषांतरित करणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. प्रथमोपचार, साठवण, कशाशी जुळत नाही आणि सांडले तर काय, एवढेच घेऊन ४० रसायनांची मराठी कार्डे केली. मसुदा मी लिहिते आणि ताईंना वाचायला देते. जिथे त्या अडखळतात ते वाक्य बदलते. 'पुरेसे वायुवीजन राखावे' या वाक्यावर त्या थांबल्या. आता तिथे 'पंखा चालू, खिडकी उघडी' असे आहे.

२१ ऑगस्ट

नायट्रोजनच्या कार्डावर मी 'निष्क्रिय वायू' लिहिले होते. धाकट्या परिचरांनी त्याचा अर्थ 'काही करत नाही' असा घेतला, आणि हवेत तो आहेच, आपण तो श्वासात घेतोच, असेही म्हणाले. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही, म्हणूनच ते धोक्याचे आहे. एक लिटर द्रव नायट्रोजनाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो आणि बंद खोलीत तो ऑक्सिजनला बाहेर ढकलतो. शरीराला गुदमरल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. इथे तो उच्छ्वासाबरोबर बाहेर जातच राहतो, त्यामुळे जीव घाबरत नाही आणि माणूस न कळत कोसळतो. कार्डावर आता 'वास नाही, त्रास जाणवत नाही, बंद खोलीत जीव जातो' असे लिहिले. द्रव नायट्रोजनचे भांडे लिफ्टमध्ये एकटे जाईल. माणूस जिन्याने जाईल आणि वर दुसरा उभा असेल.

१२ सप्टेंबर

काल रात्री दुसऱ्या प्रयोगशाळेत टाकाऊ द्रवाची अडीच लिटरची बाटली फुटली. धूरकपाटाची काच खाली ओढलेली होती आणि खोलीत कोणी नव्हते, म्हणून इजा झाली नाही. कपाटाच्या छतावर तपकिरी डाग आहेत आणि काचेचे तुकडे मागच्या पत्र्यात रुतले आहेत. सकाळी साडेआठला एक विद्यार्थी स्वतःहून माझ्याकडे आला. त्याने काचपात्रे नायट्रिक आम्लाने धुतली होती, ते पाणी 'आम्ल टाकाऊ' लिहिलेल्या बाटलीत ओतले होते आणि झाकण घट्ट लावले होते.

त्याने कार्डाप्रमाणेच केले होते. चूक कार्डात होती, आणि कार्ड माझे होते. जूनमध्ये मी 'आम्ले' असा एकच गट केला. शाळेपासून निळा लिटमस तांबडा करणारे सगळे एकाच नावाखाली शिकत आल्यामुळे मला त्यात वावगे दिसले नाही. पण नायट्रिक आम्ल तीव्र ऑक्सिडीकारक आहे आणि ॲसेटिक आम्ल हे जळणारे कार्बनी द्रव्य आहे, ज्याची बाष्पे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेऊ शकतात. त्या बाटलीत आधीचे ॲसेटिक आम्ल आणि धुण्यात आलेले थोडे अल्कोहोल होते. अशा मिश्रणात अभिक्रिया हळूहळू वेग घेते, वायू सुटत राहतो, आणि घट्ट झाकणामागे तो साठतो. ओतल्यावर चार तासांनी बाटली फुटली.

आज सगळी कामे थांबवून तीनही प्रयोगशाळांतील टाकाऊ बाटल्या तपासल्या. नायट्रिक आम्लाला स्वतंत्र बाटली, तीत दुसरे काहीही नाही. ॲसेटिक आम्ल ज्वलनशील गटात. टाकाऊ द्रवाला दाब सोडणारे छिद्राचे झाकण. आणि बाटलीत काय ओतले, किती, केव्हा, हे बाटलीला बांधलेल्या पट्टीवर प्रत्येक वेळी. विद्यार्थ्याला कोणतीही समज दिलेली नाही, आणि ती देऊ नये असे मी सरांना लेखी कळवले. तो साडेआठला आला नसता तर त्या बाटलीत काय होते हे आम्हाला कधीच कळले नसते.

१७ ऑक्टोबर

'थोडक्यात टळले' नोंदवही ऑगस्टपासून दाराशी होती, पण दोन महिन्यांत तिच्यात एकही नोंद झाली नाही. वरच्या बाजूला 'नाव' असा रकाना होता. सप्टेंबरच्या अखेरीस तो रकाना काढला. तेव्हापासून नऊ नोंदी आल्या आहेत. त्यांतली एक अशी : घरगुती फ्रिजमध्ये ईथर ठेवलेले पाहिले. डायएथिल ईथरचा प्रज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची बाष्पे पेट घेऊ शकतात ते, उणे ४५ अंश आहे आणि घरगुती फ्रिजमधल्या थर्मोस्टॅटची ठिणगी त्याला पुरते. ईथर त्याच दिवशी हलवले.

२० नोव्हेंबर

प्रमाण वाढवण्याबाबतचा नियम आज विभागाच्या बैठकीत मान्य झाला : कोणतीही अभिक्रिया आधीच्या तिप्पटीहून मोठी करायची असेल तर मार्गदर्शकाची लेखी संमती आणि दुसरी व्यक्ती हजर हवी. एका सहकाऱ्यांनी यामुळे काम रखडेल, अशी हरकत घेतली आणि ती मनापासून घेतली होती. मी टेक्सास टेक विद्यापीठातील जानेवारी २०१० चा स्फोट मांडला. तिथे निकेल हायड्राझिन परक्लोरेट हे स्फोटक संयुग १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त करायचे नाही असे तोंडी ठरलेले होते, तरी सुमारे दहा ग्रॅम बनवले गेले, कारण प्रत्येक चाचणीसाठी वेगळी खेप करण्यापेक्षा एकच मोठी खेप सोयीची वाटली. विद्यार्थ्याने तीन बोटे गमावली. मर्यादा ठरली होती, पण कागदावर नव्हती आणि ती ओलांडताना विचारायला कोणी नव्हते. हरकत मागे घेतली गेली.

१० डिसेंबर

टाकाऊ रसायनांची पहिली खेप आज तळोज्याच्या प्रक्रिया केंद्राकडे रवाना झाली. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांप्रमाणे ९० दिवसांपेक्षा जास्त काळ साठा ठेवता येत नाही. आमच्या कपाटांत त्याहून कितीतरी जुने पडून होते, हे इथे नोंदवते. नमुना ८ ची लेबले आणि नमुना १० ची वाहतूक पत्रे भरायला दोन दिवस लागले. ज्या ३४ बाटल्यांचा पत्ता लागलाच नाही त्या आधी साध्या चाचण्या करून गट ठरवल्याशिवाय केंद्र घेत नाही, आणि त्या चाचण्यांचा खर्च आत भरलेल्या रसायनांच्या मूळ किमतीहून अधिक आला. हा आकडा विभागाच्या सूचना फलकावर लावला आहे.

४ मार्च

राष्ट्रीय सुरक्षा दिन. शपथ आणि भाषणांऐवजी आधी न सांगता सराव घेतला. दुपारी सव्वाबारा वाजता पहिल्या प्रयोगशाळेत टोल्युइन सांडल्याचे चिठ्ठीने कळवले. चिठ्ठी योगायोगाने ताईंच्या हाती पडली. त्यांनी हॉटप्लेट दाखवून 'हे बंद करा' म्हणून सांगितले, सगळ्यांना बाहेर काढले, दार ओढून घेतले आणि भिंतीवरच्या क्रमांकावर फोन केला. सांडलेले पुसायला त्या आत गेल्या नाहीत, जे त्यांनी गेल्या जूनमध्ये नक्की केले असते. मामा शोषक भुकटीची बादली घेऊन दाराशी आले आणि श्वसनमुखवटा घातलेली व्यक्ती येईपर्यंत तिथेच थांबले.

खाली मैदानात मोजणी केली तेव्हा एक विद्यार्थी कमी भरला. तो मागच्या जिन्याने उतरून ग्रंथालयात गेला होता. पण तो आत राहिला आहे की नाही हे चार मिनिटे कोणालाही सांगता आले नाही. उद्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या दाराबाहेर नावांच्या सरकत्या पट्ट्यांचा फलक लावायचा आहे. सुताराला माप दिले आहे.